हिऱ्याचं तावदान

आमच्या सेक्शनमध्ये धूळ चालायची नाही. काम निर्वाताचं, म्हणजे व्हॅक्यूमचं. बोटाचा ठसा उमटला तरी ओरडा बसायचा, मग केस आणि कचरा तर सोडाच. डोक्यावर टोपी, हातात मोजे, चपला दाराबाहेर. एवढी झाडलोट करूनही एक गोष्ट मात्र कोपऱ्याकोपऱ्यात साठतच गेली, ती म्हणजे किस्से!

आता वर्षातून एकदा आम्ही चौघं तांबोळीच्या घरी जेवायला जमतो. शीरखुर्म्याची वाटी हातात आली की कुणीतरी म्हणतं, "अरे, तो कस्टमवाला आठवतो का?" झालं! मग घरची माणसं उठून आतल्या खोलीत जातात. परवा माझा नवरा म्हणाला, "लिहून टाक बाई एकदाचं. म्हणजे मला तरी पुन्हा ऐकावं लागणार नाही." म्हणून हा उद्योग.

चौघं कोण ते सांगते. डॉ. केतकर आमच्या प्रमुख. त्यांना सगळे 'बाई' म्हणायचे. अस्सल पुणेरी, बोलायच्या मोजकं, आणि जे बोलतील ते बरोबर लागायचं. सलीम तांबोळी आमचा फिजिक्सवाला. तीन पिढ्या पुण्यात, आणि मराठीचा असा अभिमान की नोटीसबोर्डावरचं शुद्धलेखन खिशातल्या लाल पेनने तपासायचा. नितीन कदम विश्रांतवाडीचा, भट्टीचा माणूस. आणि मी वैशाली, अकोल्याहून आलेली, कर्वेनगरात एका काकूंकडे खोली घेऊन राहणारी. मी "जाऊन राहिली" म्हटलं की तांबोळी विचारायचा, "जातेयस की राहतेयस? एक काय ते ठरव." काय बोलावं बाप्पा अशा माणसाला!

*

पहिल्याच महिन्यात काकूंनी विचारलं, "तू तिथे नक्की करतेस काय?"

मी म्हटलं, "हिऱ्याची खिडकी बनवतो आम्ही."

काकूंनी भाजीची विळी बाजूला सरकवली. "नीट सांग."

मी नीट सांगितलं. सूर्यात जे चालतं ते जमिनीवर करून बघायचं, वीज मिळवायला. त्यासाठी वायू कोटी कोटी अंश तापवावा लागतो, आणि तो तापवायला त्यात मायक्रोवेव्ह सोडतात.

"आमच्या सुनेकडे आहे तो मायक्रोवेव्ह? भात कडेने गरम आणि मध्ये गार ठेवणारा?"

"तोच. पण तसे हजार, एका वेळी, एकाच नळीतून."

नळीच्या आत निर्वात. म्हणजे तिच्या तोंडाला असं काहीतरी हवं की ज्यातून मायक्रोवेव्ह बाहेर जातील, पण हवा आत येणार नाही. काच लावली तर तापून तडकते. हिरा मात्र टिकतो, कारण आलेली उष्णता तो क्षणात कडेला ढकलतो आणि कडेने फिरणारं पाणी ती घेऊन जातं. आणि हा हिरा खाणीतला नव्हे, वायूतून थरावर थर साठवून कारखान्यात वाढवलेला.

काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उघडते का ती?"

"नाही काकू. कधीच नाही. उघडली तर सगळं संपलंच."

"मग तिला खिडकी कशाला म्हणता? तावदान म्हणा!"

दुसऱ्या दिवशी हे मी तांबोळीला सांगितलं. तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. "तुझ्या काकूंना माझा नमस्कार सांग," म्हणाला, "इतकी वर्षं आपण सगळे चुकीचा शब्द वापरून राहिलो!" आपण काय बोलून गेलो हे त्याला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. मी मात्र चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून आले!

त्या दिवसापासून आमच्या सेक्शनमध्ये 'विंडो' हा शब्द बंद झाला. ते तावदान झालं.

*

मग आली कमिटी. तीन साहेब, तिघांच्याही हातात फायली. अध्यक्ष भले गृहस्थ होते, पण बोलायला सुरुवात केली तीच अशी, "मॅडम, देश आता खुला झालाय. हे सगळं बाहेर तयार मिळतं. तुम्ही चौघं इथे कशासाठी?"

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वैशाली, गेटवरच्या रसवंतीतून बर्फ आण गं."

मी धावत जाऊन बर्फाचा खडा घेऊन आले. बाईंनी सरावासाठी ठेवलेला हिऱ्याचा एक पातळ तुकडा अध्यक्षांच्या चिमटीत दिला. पोस्टाच्या तिकिटाएवढा असेल. म्हणाल्या, "बर्फात दाबा." त्यांनी दाबला, आणि तुकडा बर्फात सरळ आत गेला, गरम सुरी लोण्यात जाते तसा!

"अहो, माझं बोट गारठलं!"

"तुमच्या बोटाची ऊब बर्फात गेली," बाई म्हणाल्या. "हिऱ्याने ती नेली. आम्ही चौघं यासाठी इथे आहोत."

दुसऱ्या साहेबांना राहवलं नाही. त्यांच्या बोटात हिऱ्याची अंगठी होती. "थांबा, माझ्याने बघतो," असं म्हणून त्यांनी अंगठी बर्फावर दाबून धरली. दाबली, चोळली, पुन्हा दाबली. बर्फ ढिम्म हलेना.

साहेब अंगठी डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागले.

बाईंनी विचारलं, "सासऱ्यांनी दिलेली का?"

"हो."

"आहेत का अजून?"

ते गेल्यावर बाई आम्हाला म्हणाल्या, "खरा असला तरी एवढ्याशा खड्याने काही होत नसतं. सांगायचं राहूनच गेलं." राहून वगैरे काही गेलं नव्हतं, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

हसण्यावारी गेलं, पण त्या दिवशी कमिटीने निकालही दिला. एक तावदान बाहेरून मागवायला परवानगी, एकच. ते आम्ही तांब्याच्या कड्यात बसवायचं आणि नळीला लावून पूर्ण शक्तीवर टिकवून दाखवायचं. टिकलं तर सेक्शन राहील आणि तांबोळीला नि मला कायमची नेमणूक. तडकलं तर सेक्शनला कुलूप. बाईंना रिटायर व्हायला वर्षभर उरलं होतं. सगळी नोकरी त्यांनी या एकाच कामात घातली होती. आणि मला कुलूप म्हणजे अकोल्याचं तिकीट. बाबांनी स्थळं बघायला सुरुवात केलीच होती.

*

तावदान आलं ते मुंबईच्या कार्गोत अडकलं. बाई आणि तांबोळी सोडवायला गेले. तिथले अधिकारी अगदी सभ्य होते, पण कागद वाचून बिचारे गोंधळले. तळहाताएवढी चकती, आणि कागदावर लिहिलेलं 'डायमंड'.

"कॅरेट किती?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न आम्हाला आजवर कुणी विचारलाच नव्हता! बाईंनी तिथेच पेन काढून व्यास, जाडी, घनता असा हिशेब केला. "अडीचशे," त्या म्हणाल्या. "थोडे कमीच."

अधिकारी उभे राहिले. त्यांचे साहेब आले. साहेबांचे साहेब आले. कुणीतरी दार लोटून घेतलं. तांबोळी सांगतो की चहासुद्धा लगेच आला आणि तो कपबशीतून आला.

"घालणार कोण एवढा?"

"मशीन," तांबोळी म्हणाला.

शेवटी पेटी उघडली. आत मळकट, राखाडी, पाण्याच्या ग्लासावर झाकण ठेवावं तशी एक चकती. तिघंही खाली वाकले. मोठ्या साहेबांचा चेहरा पडला. "हा हिरा? हा चमकत तर नाही!"

बाई म्हणाल्या, "चमकला असता तर आम्हाला कुणी दिला असता?"

साहेब इतके हसले, इतके हसले की उरलेले कागद त्यांनी स्वतः बसून पूर्ण करून दिले. जाताना म्हणाले, "मॅडम, हे जमलं की कळवा." कुठले कोण ते साहेब! पण मला त्यांची आठवण येते. कळवायचं म्हणून बाईंनी त्यांचं नाव विचारून घेतलं होतं.

*

ही वर्षं अशी होती की पुण्यात जो तो सॉफ्टवेअरकडे पळत होता. हिंजवडीला रोज नवी काचेची इमारत उभी राहायची आणि आमच्या कॅम्पसमधून रोज एक माणूस कमी व्हायचा. निरोपसमारंभाचे वेफर खाऊन खाऊन आम्हाला कंटाळा आला होता.

नितीनच्या आईनेही हट्ट धरला, "एकदा जाऊन तर ये मुलाखतीला." आईचं मन कोण मोडणार? गेला बिचारा.

मुलाखत घेणारा मुलगा नितीनपेक्षा लहानच होता. त्याने विचारलं, "विंडोजवर काम केलंय?"

"तीन वर्षं," नितीन म्हणाला.

"गुड! कुठलं व्हर्जन?"

"डायमंड."

मुलाने लिहून घेतलं! मग शेजारच्याला हळूच विचारलं, "हे कधी आलं रे?" शेजारच्याने आत्मविश्वासाने सांगितलं, "बीटा असेल."

गंमत म्हणजे नितीनला नोकरी मिळाली. फोन आला तेव्हा आम्ही तिघं तिथेच बसलो होतो. तांब्याचं कडं आणि हिरा जोडायचं काम त्याच्याएवढं कुणालाच येत नव्हतं. तो गेला असता तर कुलपाची सुद्धा वाट बघायला नको. आम्ही तिघंही भिंतीकडे बघत होतो. बाईंनी त्याला 'थांब' असा एक शब्दही म्हटला नाही. मी म्हणणार होते, तर त्यांनी माझा हात दाबून धरला.

नितीन फोनवर म्हणाला, "सर, एक विंडो बसवायची राहिलीय. ती बसवून येऊ का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते त्याने कधी सांगितलं नाही. तो फोन ठेवून भट्टीकडे निघून गेला आणि आम्हीही विचारलं नाही. मी मात्र संध्याकाळी बसस्टॉपवर उभी राहून रडले. माझं कायम होणं न होणं या माणसाच्या हातात होतं, आणि त्याने हात काढून घेतला नव्हता. एवढं कोण कुणासाठी करतं हो?

*

जोडणीचा दिवस ठरवणं हे एक महाभारत. बाईंना गुरुवार सोयीचा होता. नितीन म्हणाला, "बाई, गुरुवार? पुण्यात?" त्या काळी गुरुवार म्हणजे हमखास लाईट जाण्याचा वार. जनरेटर होता, पण नितीनचा त्याच्यावर भरवसा नव्हता. म्हणून शुक्रवार ठरला.

तापवणं सोपं असतं, खरी भीती निवताना. तांबं निवताना आकसतं, हिरा जवळजवळ आकसतच नाही. दोघं एकमेकांना धरून बसलेले, एक आवळतोय आणि एक हलत नाही. नवराबायकोचंच म्हणा ना! जरा घाई केली की 'कड्', आणि तावदानाला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. म्हणून भट्टी हळूहळू, अगदी हळूहळू निववायची.

शुक्रवारी दुपारी भट्टी निवायला लागली. आम्ही चौघं तिच्याभोवती स्टुलं टाकून बसलो. सगळ्यांचे कान भट्टीकडे. अशात तांबोळीने पिशवीतून बाकरवडी काढली आणि एक तोंडात टाकली.

कुर्रम!

बाई स्टुलावरून जवळजवळ पडल्याच. नितीनने डोकं धरलं. मी तर "गेलं!" असं ओरडलेच.

बाईंनी हात पुढे केला. "ती पिशवी इकडे द्या. उद्यापर्यंत आवाज होणारं काहीही खायचं नाही."

मग कँटीनमधून आला ढोकळा, केळी आणि शिरा. नितीनच्या डब्यातला पापडसुद्धा जप्त झाला. तांबोळीने एक केळं संपवलं, दुसरं सोललं. शेवटी त्याच्यातला फिजिक्सवाला जागा झाला. "बाई, एक शंका आहे. आत व्हॅक्यूम आहे. व्हॅक्यूममधून आवाज येत नाही. तावदान तडकलं तरी आपल्याला ऐकू येणारच नाही."

बाई म्हणाल्या, "हे मी तुमच्या जन्माच्या आधीपासून शिकवतेय. तरी खायचं नाही."

शनिवारी नितीनने भट्टी उघडली. आधी त्याने बघितलं आणि कितीतरी वेळ मागे वळलाच नाही. मग म्हणाला, "बाकरवडी द्या."

*

आता माझा किस्सा. हा मी सांगायच्या आधी तांबोळीच सांगून टाकतो, आणि दर वर्षी त्यात मीठमसाला वाढत जातो. खरं काय घडलं ते एकदा माझ्या तोंडून ऐका.

तावदान जोडलं, गळती नाही हे बघून झालं. पुढची पायरी, कडेने पाणी फिरवून बघायचं. बाई सकाळी म्हणाल्या, "मी कमिटीच्या मीटिंगला जातेय. पाणी सुरू केलंत की मला तिथल्या फोनवर कळव."

आम्ही पाणी सुरू केलं. एक थेंब गळला नाही! मला इतका आनंद झाला की मी पळतच फोनकडे गेले. पलीकडे कुणीतरी उचलला, बाईंना दिला. मी श्वास न घेता ओरडले, "बाई, आम्ही तावदानावर पाणी सोडलं!"

पलीकडे नुसता खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बाई? ऐकू आलं का? पाणी सोडलं! तिघांनी मिळून!"

"का?" बाईंचा आवाज एवढासा.

"का म्हणजे? तुम्हीच तर सांगितलं सकाळी!"

फोन ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, मीटिंगमध्ये असतील. थोड्या वेळाने खिडकीतून बघते तर बाई कॅम्पसच्या रस्त्यावरून पळत येतायत. निऱ्या एका हातात, चष्मा दुसऱ्या हातात! बाईंना पळताना त्याआधी कुणी बघितलं नव्हतं. त्यांच्या मागून, जरा अंतर ठेवून, कमिटीचे अध्यक्षही पळत येत होते.

बाई आत आल्या. तावदान जागेवर, पाणी झुळझुळ वाहतंय, खाली ठेवलेला टिपकागद कोरडा ठणठणीत. त्यांनी कागदाला बोट लावून बघितलं, मग स्टुलावर बसल्या. अध्यक्ष दारात धापा टाकत उभे.

"वैशाली," बाई म्हणाल्या, "यापुढे फोनवर 'कूलिंग स्टार्टेड' म्हणायचं. इंग्रजीत."

"मराठीचा हा पराभव मला मान्य नाही," तांबोळी म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता बोलणी बसणार. पण संध्याकाळी बाई म्हणाल्या, "चल, सोडते," आणि मला स्कूटरवर मागे बसवून थेट कर्वेनगरला घेऊन आल्या. त्यांचं घर पार उलट्या दिशेला. उतरल्यावर म्हणाल्या, "जेवून झोप. फार केलंस तू या महिन्यात." आईनंतर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. काकू गॅलरीतून बघत होत्या. त्यांनी बाईंना हाक मारून वर बोलावलं, पिठलंभात वाढला, आणि तावदानाला पडदा लावणार का, असं विचारलं!

*

चाचणी दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत होती. मायक्रोवेव्हची ती अवजड नळी तिथे होती. आम्ही चौघं रेल्वेने निघालो. तावदान कशात न्यायचं यावर दोन दिवस खल झाला. शेवटी बाईंनी घरून पुरणपोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा आणला, आत मऊ पंचे घातले, आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या.

समोर सोलापूरकडचे एक आजी-आजोबा होते. आजोबांना वाटलं, बाईंना वारा हवा असेल. उठून म्हणाले, "ताई, खिडकी घ्या की!"

"नको," बाई म्हणाल्या. "आमची आहे."

आजोबा पुन्हा खाली बसले. बराच वेळ विचार करत होते. जेवायची वेळ झाली. स्टेशनावर उतरायच्या गडबडीत आमची जेवणाची पिशवी तांबोळी टॅक्सीतच विसरला होता. ते कळल्यावर आम्ही चौघं एकमेकांकडे आणि आजी-आजोबा बाईंच्या मांडीवरच्या डब्याकडे बघायला लागले.

शेवटी आजी म्हणाल्या, "अवो ताई, पोरं भुकेली हायती. उघडा की डबा!"

"हा डबा उघडायचा नाही," बाई म्हणाल्या.

आजीने आजोबांकडे बघितलं. त्या नजरेत पुण्याच्या बायकांबद्दल जे काही होतं ते मी इथे लिहीत नाही! मग त्यांनी आपली शिदोरी सोडली, धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, आणि आम्हा तिघांना पोटभर वाढलं. बाईंना वाढताना मात्र जरा हात आखडता घेतला.

बाईंनी वाढलेलं सगळं खाल्लं आणि दोघांनाही वाकून नमस्कार केला. धपाट्यांची ती चव अजून माझ्या जिभेवर आहे.

*

चाचणीला नळीबरोबर आलेला एक रशियन इंजिनिअर होता, व्हिक्टर. उंच, दाढीवाला, इंग्रजी आमच्याएवढंच मोडकं. त्याच्या हाताखालून बरीच तावदानं गेली होती आणि बरीच तडकलीही होती. तो म्हणाला, "तुमचं हे पहिलंच?"

"शेवटचंसुद्धा असेल," नितीन म्हणाला.

यंत्र चालू असताना हॉलमध्ये थांबता येत नाही. सगळे शेजारच्या खोलीत, पडद्यासमोर. तावदानाचं तापमान पडद्यावर दिसत होतं. व्हिक्टर एक एक पायरी शक्ती वाढवायचा, थांबायचा, बघायचा, "ओके" म्हणायचा. बाईंनी खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ केली होती. समोर भिंतीवर आग विझवायच्या सूचना होत्या. त्या त्या वाचत होत्या.

"वाढतंय?" त्या मधूनच विचारायच्या.

"वाढतंय, पण बेतात," तांबोळी सांगायचा.

पूर्ण शक्ती. नितीन ओठ हलवत होता. काय म्हणत होता देव जाणे. पडद्यावरचा आकडा थोडा चढला, मग एका जागी थांबला. थांबलेलाच राहिला. ठरलेला वेळ संपला, व्हिक्टरने बटण बंद केलं आणि म्हणाला, "फिनिश."

मी टाळी वाजवणार होते. बाई म्हणाल्या, "थांब. अजून निवायचंय."

खरंच होतं. शक्ती झेलून निवताना तडकलेली तावदानं व्हिक्टरने बघितली होती. तोही मान हलवून म्हणाला, "मॅडम राइट." पूर्ण निवेपर्यंत निकाल नाही. हॉलमध्ये जायला परवानगी मिळाली आणि आम्ही आत गेलो. दिवसाचा लख्ख उजेड होता, यंत्रं बंद, फक्त पाण्याचा आवाज. मी पाण्याचा काटा बघायला खाली वाकले. नितीन आणि तांबोळी मागे मोजणीच्या तारा सोडवत होते. व्हिक्टर पंपाशी. बाई एकट्याच तावदानासमोर उभ्या होत्या.

काटा स्थिर होता. तावदान खोलीच्या हवेइतकं निवलं होतं. मी "बाई, झालं" असं म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात माझ्या मागे आवाज झाला.

कड्. कड्. कड्कड्कड्कड्!

माझ्या हातातला पाना खाली पडला. वर बघायची हिंमतच होईना. एवढंच आठवतंय की मी डोळे गच्च मिटले आणि मनात म्हटलं, बाईंसमोर रडायचं नाही. नितीन "आई गं!" म्हणाला. व्हिक्टर पंप सोडून धावत आला, तांबोळीला धक्का मारून तावदानापाशी पोचला, आणि टॉर्च लावून खाली वर, कडेने, सगळीकडून बघायला लागला.

मी डोळे उघडले. तावदान अख्खं होतं. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर.

त्याच्यासमोर आमच्या बाई उभ्या होत्या. दोन्ही हातांची बोटं कानशिलांवर दुमडलेली, डोळे मिटलेले, आणि गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं.

व्हिक्टर पांढराफटक पडला होता. तावदानाकडे बघत होता, बाईंकडे बघत होता. "आय हर्ड," तो म्हणाला. "क्रॅक! क्रॅक, नो?"

तांबोळीने बाहीने डोळे पुसले.

"येस, व्हिक्टर," तो म्हणाला. "ऑल टेन."